स्प्रिंग टाकणार नाही

आमच्या गावात कुणालाही विचारा, त्या मोठ्या जर्मन गाडीचं काय करावं, तर वडापावच्या गाड्यावरचा माणूससुद्धा सांगेल, विकून टाकावी. मला हे इतक्या जणांनी सांगितलंय की आता कुणी तोंड उघडलं की वाक्य मीच पुरं करते. "वैनी, त्या गाडीचं..." "इकून टाका, व्हय ना? झालं? आता च्या घ्या." सासरी मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. जुनी महागडी गाडी भांडल्याशिवाय सांभाळता येत नाही. ज्यांनी अशी गाडी घेतलीय किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. भांडण गाडीशी नसतं. ती बिचारी काय दुखतंय ते दिवे लावून सांगत असते. भांडण असतं सल्ला देणाऱ्यांशी.

आम्ही गलाईवाले, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करून देणारे. आमच्या विट्याच्या बाजूची घरंच्या घरं या धंद्यापायी देशभर पांगलीत. आम्ही तमिळनाडूतल्या एका गावात होतो. लग्न होऊन गेले तेव्हा मला तिथल्या भाषेचा गंध नव्हता, परत आले तेव्हा भाजीवालीशी तिच्या भाषेत भांडत होते. गलाईवाल्यांच्यात जत्रेला कोण कुठल्या गाडीतून आलं यावरून माणूस जोखतात, हे खोटं कशाला सांगू. ह्यांनी ती गाडी घेतली तीही हौसेनंच. माझी ना नव्हती. फक्त म्हटलं, बघायला मी येणार.

गाडीला आधीचा एकच मालक होता, सूतगिरणीवाला, वयस्कर, निगुतीचा. तरी मी आदल्या दिवशी निरोप धाडला की गाडी लावलीय तिथंच राहू द्या, आम्ही सकाळी येऊ, आम्ही आल्याशिवाय चालू करू नका. ह्यांना ते अतिच वाटलं. पण हवेवर उभी राहणारी गाडी घ्यायची असली तर ही गोष्ट चुकवू नये. या गाडीच्या चारी चाकांवर लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे असतात. एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि सगळी गाडी त्या हवेवर उभी राहते. एखाद्या फुग्याला बारीक छिद्र असलं की रातोरात तो कोपरा खाली बसतो. सकाळी मालकानं गाडी चालू केली की कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो, गाडी सरळ होते आणि विकणारा हसत उभा राहतो. मी गेल्या गेल्या चारी चाकांवरच्या मोकळ्या जागेत वीत लावून बघितली. चारी सारख्या भरल्या. सूतगिरणीवाला म्हणाला, बाई कापड मोजावं तशी गाडी मोजतात. मी म्हटलं, कापड फाटलं तर शिवता येतं.

पुढं ह्यांचा दुकानाच्या जिन्यावरून पाय घसरला आणि खुबा गेला. खुबा बदलला, पण उभ्यानं करायचा तो धंदा सुटला. आम्ही दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि गावाकडं आलो, गाडी घेऊन. कराडच्या डॉक्टरांनी ह्यांना तीन गोष्टी बजावल्या. गुडघ्याच्या खाली बसायचं नाही, पाय फार दुमडायचा नाही, उंच पायरी चढायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण मग माणसानं कुठल्या गाडीत बसायचं सांगा. साधी कार खाली, जीप वर, आणि आमची गाडीही जीपसारखीच उंच.

पहिल्यांदा भावकीतल्या एका वास्तुशांतीला माझे दीर जीप घेऊन आले. माझे दीर म्हणजे गावाकडं राहून सगळी द्राक्षबाग आणि शेती सांभाळलेला माणूस. मोठ्या भावावर जीव असा की भाऊ शिंकला तरी ते ओवा घेऊन धावतात. त्यांनी चार जण बोलावले, कुणी काखेत हात घातला, कुणी मांड्यांखाली, एकानं पट्ट्याला धरलं, आणि "हां, उचला" म्हणत ह्यांना जीपमध्ये चढवलं. कुणीतरी म्हणालं, "लय जड हाय गड्या." सगळे हसले. हेही हसले. तिथं जाऊन जेवून आलो, उतरवतानाही तेच. त्यानंतर ह्यांनी अंगण सोडलं नाही. दोन राज्यांच्या हद्दी ओलांडून, परक्या मुलखात पत मिळवून आलेला माणूस फाटकापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. कुणी बोलावलं की म्हणायचे, बरं वाटत न्हाई.

मला राग येत होता, पण नेमका कुणावर ते कळत नव्हतं. मग एक दिवस मी गाडी धुऊन सुकवायला उन्हात काढली आणि गिअरजवळचं ते बटण दाबलं. सामान चढवायला सोपं जावं म्हणून गाडी खाली घेणारं. एरवी आम्ही ते कधी वापरत नव्हतो. गाडी फुस्स करत खाली आली. मी दार उघडून सीटजवळ उभी राहिले, सीट माझ्या कंबरेच्या जराशी खाली लागली. ह्यांना हाक मारली. सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली, म्हणजे बूड सहज फिरतं. हे पाठमोरे आले, काठी मला दिली, दाराची कड धरली, टेकले आणि दोन्ही पाय एकदम आत फिरवले. बसले. कुणाचा हात लागला नाही. मी बटण दाबलं, गाडी वर आली. हे नुसतं समोर बघत होते. मग म्हणाले, "बागंकडं घे की." बागेपासून विट्याच्या बाजारापर्यंत, बाजारापासून मायणीच्या पावण्यांपर्यंत, तिथून पुढं वाट्टेल तिकडं आम्ही हिंडलो.

म्हणून मी ती गाडी विकत नाही. गावाला वाटतं दिमाख आहे. वाटू दे.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडं खंडेनवमीला लोखंड तेवढं पुजतात. कोयता, कुदळ, नांगर, ट्रॅक्टर, मोटारसायकल, घरातली विळीसुद्धा. दिरांनी पहाटेपासून बागेवर औषध मारायचा पंप काढला आणि एकेक गाडी धुवायला घेतली. मी आत पुरणाच्या नादात होते. बाहेर आले तर आमची गाडी चकचकीत, हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आणि सगळीकडं डिझेलचा वास. विचारलं तर दीर खूश होऊन सांगायला लागले, "वैनी, समद्या खालच्या अंगानं डिझेल आन् जळकं आईल मारलंय. आता धा वर्सं गंज धरायची न्हाई." आमच्याकडं ट्रॅक्टरला, ट्रॉलीला असंच करतात. धुतलं की डिझेलचा फवारा. लोखंड काळंभोर चमकतं आणि गंजतही नाही. दिरांनी भावाच्या गाडीची सेवा म्हणून ट्रॅक्टरच्या दुप्पट मारलं होतं. मला खटकलं, पण सणासुदीचं तोंडाला तोंड कशाला द्या म्हणून गप्प बसले. मी गप्प बसले की नुकसान होतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

थंडीत गाडी मागून खाली बसायला लागली. आधी जराशी, मग रोज. पुढं पुढं तर सकाळी बघावं तर मागचं अंग पार टेकलेलं, म्हैस बसावी तशी. समोर पिवळा दिवा. आणि ते बटण बंद. गाडीला स्वतःलाच उभं राहता येत नसलं की ती खाली घ्यायचं काम करत नाही, हुकूमच पाळत नाही. ह्यांनी एकदा खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला. त्याच आठवड्यात पुतणीचं लग्न ठरलं. दिरांचीच लेक. मुलगा फलटणचा, लग्न तिकडच्याच कार्यालयात, उन्हाळ्याच्या तोंडाला. पुतणी येऊन ह्यांच्या खुर्चीपाशी बसली आणि म्हणाली, "काका, अक्षता टाकायला तुमी पायजे." हे म्हणाले, "बगू."

त्या "बगू"चा अर्थ मला चांगला कळत होता. गाडी उभी राहिली तर हे जाणार होते, नाही राहिली तर नाही. बाकी काही त्यात नव्हतं.

दीर ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आले. गाडी ओढत गावातल्या मेस्त्रीकडं न्यायची म्हणाले. मी गाडीपुढं उभी राहिले. आपोआप गिअर बदलणारी गाडी बंद करून दोरानं ओढायची नसते. इंजिन बंद असलं की गिअरपेटीत तेल फिरत नाही, आणि चाकं फिरत राहिली की आतली पेटी जाते. अशी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. दीर म्हणाले, "वैनी, तुमी गाडी शिकला का तिची डाक्टरकी?" मी म्हटलं, "दोनी." मेस्त्री गाडीपाशीच आला, कान लावला, म्हणाला कॉम्प्रेसर सारखा चालतोय, कॉम्प्रेसर खराब, नवा टाका. मी विचारलं, हवा जातीय कुठनं ते बघितलं का? ते बघायची गरज त्याला वाटली नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हवा कुठंतरी निसटते म्हणून कॉम्प्रेसर बिचारा दमेपर्यंत भरत असतो. गळती न शोधता नवा कॉम्प्रेसर टाकला तर तोही दमून जळणार.

मी साबणाचं पाणी केलं, फवारणीच्या छोट्या बाटलीत भरलं, आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून मारलं. गाडीखाली नव्हे. हवेवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही घुसू नये, खाली भक्कम ठोकळे असल्याशिवाय तर नाहीच. फुगा एकदम बसला तर गाडी अंगावर येते. बाहेरूनच मारलं. दोन्ही बाजूंच्या फुग्यांच्या घड्यांतून फेस उकळावा तसे बुडबुडे आले. मेस्त्री म्हणाला, "आता काय करताय?" मी म्हटलं, "फौजीकडं नेते."

उंब्रजच्या पुढं हायवेला लागून एक गॅरेज आहे. गॅरेजवाला फौजेच्या गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेला, मिशा अजून ड्युटीवर. बोलतो निम्मं हिंदी. सपाट ट्रकवर गाडी नेली, त्यानं लिफ्टवर चढवली, अगोदर गाडीतल्या पडद्यावरच्या मेन्यूत जाऊन जॅकची सूचना चालू केली. हेही कुणी करत नाही. पंक्चरवाला सरळ जॅक लावतो, गाडीला वाटतं आपण एकीकडं वर गेलो, ती हवा सोडत बसते आणि फुगा जागचा हलतो. हा माणूस शिकलेला होता म्हणून मी निर्धास्त झाले. आणि तोच म्हणाला, "ताई, बलून निकालो, स्प्रिंग डालो. हवेवरची गाडी म्हणजे फुग्यावरचा संसार. एकदा स्प्रिंग टाकली की विषय कट."

मी विचारलं, "स्प्रिंग टाकल्यावर बटण दाबलं तर गाडी खाली येईल?"

"कशाला येईल? येऊच नये म्हणून तर टाकायची."

"मग नको."

तो हसला. सगळेच हसतात. पण त्यानं खरंच समजावून सांगितलं. नवे फुगे महाग, पुण्याहून येणार, वेळ लागणार, आणि गिऱ्हाइकं शेवटी स्प्रिंगवरच येतात. मी म्हटलं गिऱ्हाइकं येत असतील, मी येणार नाही. त्यानं फडक्यानं फुग्यावरचा काळा राप पुसला. मी बोट लावलं तर रबर मऊ, चिकट, घड्यांत सुजलेलं. वास घेतला आणि मला आमचं तमिळनाडूतलं दुकान आठवलं. तिथं ॲसिडच्या कामाला रबरी मोजे असायचे. एका कामगारानं एकदा ते रॉकेलनं धुऊन ठेवले, दुसऱ्या दिवशी मोज्यांची बोटं केळ्याएवढी फुगली. मी फौजीला म्हटलं, "ह्याला डिझेल लागलंय." त्यानं मान हलवली. "बरोबर. जुना रबर, थोडा फटा हुआ तो था ही, डिझेलने पूरा किया. किसने मारा?" मी म्हटलं, "ज्यानं मारलं त्याचा लय जीव आहे आमच्यावर."

घरी येऊन दिरांना सांगितलं. आडून नाही, सरळ. त्यांना ते पटेना. "ट्रॅक्टरला जल्मभर मारतोय, काय झालं न्हाई." मी म्हटलं, "भाऊजी, ट्रॅक्टर लोखंडावर उभा असतो. ही रबराच्या पिशवीवर उभी हाय." ते उठून गेले आणि दोन दिवस आमच्या ओसरीला आले नाहीत. मला वाईट वाटलं. तरी सांगितलं हे बरंच झालं, नाहीतर येत्या खंडेनवमीला पुन्हा तेच.

फुगे पुण्याहून यायला वेळ होता. त्या दिवसांत मी गाडीविषयी जे मिळेल ते वाचलं, मोबाईलवर बघितलं, फौजीचं डोकं खाल्लं. इथल्या लोकांसाठी त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते. शेतातल्या पिंपात साठवलेलं डिझेल अशा गाडीत कधीही घालू नका. पिंपात पाणी धरतं, ट्रॅक्टर ते पचवतो, ही पचवत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी तर अजिबात नको. आमच्या बोअरच्या पाण्यानं घरातला गिझर वर्षात मरतो, इंजिनाची काय कथा. बॅटरी मरायला लागली की गाडी नाही नाही ते दिवे लावते आणि मेस्त्री एकेक दिव्याचं बिल लावतो, म्हणून आधी बॅटरी तपासा, मग बाकीचं. गिअरपेटीचं तेल जन्मभर बदलावं लागत नाही असं जे सांगतात, त्यांना विचारा, जन्म कुणाचा. ऊस जवळ असला की उंदीर इंजिनात घर करतात आणि वायरी कुरतडतात. मी तंबाखूच्या पुरचुंड्या ठेवते, ह्यांच्याच. फुग्यांच्या घड्या महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवायच्या, कारण आमच्या रस्त्यांची बारीक खडी त्यात बसली की रबर कापते. फुगे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम. आणि कॉम्प्रेसर शिणलेला असला तर त्याबरोबर त्याचा रिलेही बदला. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला चालू-बंद करणारा डबीएवढा तुकडा. तो अडकला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. हे सगळं कुणाला अवघड वाटत असेल त्यांनी खुशाल गाडी विकावी. मला मात्र विका म्हणू नये.

फुगे आले तेव्हा फौजीचा फोन आला. आवाज अवघडलेला होता. म्हणाला, "ताई, फुगे आलेत. पर साहेबांचा फोन होता. ते म्हणाले, फुगे परत पाठवा, स्प्रिंग टाकून मोकळं करा. क्या करूं?"

मी म्हटलं, "कोण साहेब?"

"तुमचे."

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. गाव म्हणालं, दीर म्हणाले, मेस्त्री म्हणाला, त्या सगळ्यांना मी पुरून उरले होते. घरातल्या घरातच हा दगा. मी फौजीला सांगितलं, माझ्या फोनशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, आणि तशीच बाहेर अंगणात गेले. हे खुर्चीत बसले होते.

"फोन तुमी केला?"

"व्हय."

"का?"

"किती दिस त्या गाडीमागं लागलीस तू. समद्यांशी भांडतीयास. माज्यापायी." मग म्हणाले, "चार माणसं उचलत्यात. उचलू देत. मेल्यावर उचलणारच हायत, तवर सराव होईल त्यास्नी."

त्यांना वाटलं मी हसेन. मी हसले नाही.

"मेल्यावर उचला म्हणावं. जित्या माणसाला हात लावायचा न्हाई."

"आगं, लोकं मदत करत्यात."

"मदत मागितली तर मदत. तुमी मागितली व्हती?"

मी बोलले, पुष्कळ बोलले, शेजारीण कपडे वाळत घालायची थांबून ऐकत होती तरी बोलले. त्या दिवशी तुम्हाला पट्ट्याला धरून उचललं तेव्हा तुम्ही हसलात, मला ते हसणं बघवलं नाही. तुम्हाला चालत असेल, मला चालत नाही. फुगेच बसणार. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "कर मग." त्यात राग होता की सुटका होती, मला तेव्हा कळलं नाही.

गाडी उभी राहिली. फौजीनं दोन्ही मागचे फुगे बदलले, कॉम्प्रेसर शाबूत होता म्हणून त्याचा नुसता रिले बदलला, साबणाचं पाणी मारून प्रत्येक जोड मला दाखवला. एक बुडबुडा नाही. त्याला मी चार शिव्या आधीच घातल्या होत्या, आता चिवडा-लाडू दिला. म्हणाला, "ताई, फौजेत असता तर वर्कशॉप तुमच्या ताब्यात दिला असता." मी म्हटलं, तिथंही भांडले असते.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या बसगाड्या पहाटेच गेल्या. दिरांनी जाता जाता विचारलं, "दादाला जीपमधनं नेऊ का? मानसं हायत." मी नको म्हटलं. त्यांच्या तोंडावर अजून तो डिझेलचा राग होता, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही त्यांना. आम्ही दोघं उन्हं वर आल्यावर निघालो. मी बटण दाबलं, गाडी खाली आली. हे पाठमोरे टेकले, पाय आत घेतले, दार ओढून घेतलं. फेटा छताला लागला म्हणून जरा डोकं वाकवलं. नवीन धोतर, परीटघडीचा सदरा. बरे दिसत होते. मी सांगितलं नाही.

मायणी गेलं, दहिवडी गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पीक काढलेल्या रानांत मेंढरं बसवलेली होती. मोगराळ्याचा घाट उतरताना हे म्हणाले, "तू स्प्रिंगा घातल्या असत्यास, तर मी लग्नाला येणार न्हवतो."

"ठाऊक हाय."

"तब्येतीचं निमित्त सांगितलं असतं."

"तेबी ठाऊक हाय."

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

"बोलले की. शेजारणीनंसुद्धा ऐकलं."

ते हसले. खरं हसले. ते हसणं ऐकून मला रडू आलं. वळणावर रडायचं नसतं म्हणून मी दात आवळले आणि घाट उतरून घेतला.

फलटणच्या कार्यालयापुढं गाड्यांची ही रांग. आत जायला एकच फाटक, अक्षतांची वेळ झालेली, लाऊडस्पीकरवर कुणीतरी मंडळींना आत बोलवत होतं. मी गाडी फाटकातच थांबवली. दीर वाटच बघत होते. त्यांच्या मागं जावयाकडची चार धट्टीकट्टी पोरं आणि एक प्लास्टिकची खुर्ची. मुलीचा बाप, डोक्याला हजार व्याप, आणि तरी भावासाठी खुर्ची घेऊन उन्हात उभा. पोरं पुढं झाली, एकानं बाही वर केली. मी गाडीतूनच ओरडले, "भाऊजी, हात लावायचा न्हाई कुणी!" पोरं जागच्या जागी थांबली. दिरांनी माझ्याकडं बघितलं, मग भावाकडं, आणि पोरांना मागं सारलं.

मी बटण दाबलं. नवे फुगे, सावकाश हवा सोडत होते. ह्यांनी दार उघडलं. दोन्ही पाय बाहेर काढले. काठी टेकवली, काढली, दुसरीकडं टेकवली. मागं आमच्यामुळं चार-पाच गाड्या अडकल्या होत्या. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा, लांब. त्याच्या मागच्यानंही सुरू केलं. हे उठायच्या बेतात थबकले, कपाळावर घाम आला. मला दिसलं की ते पुन्हा आत बसायला बघतायत.

मी माझ्या बाजूची काच खाली केली, निम्मी बाहेर आले आणि त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले,

"थांबा वाईच! माणूस उतरतोय."